क्रॅश हँडलरच कोसळतो तेव्हा: अडकणारी, न बोलता मरणारी किंवा तीच ओळ छापत राहणारी सर्व्हिस

तक्रार साधारण अशी असते. सी किंवा सी++ मध्ये लिहिलेली एक सर्व्हिस लिनक्सवर चालते. तिला सेगफॉल्टसाठी, म्हणजे मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्यावर येणाऱ्या सिग्नलसाठी, सिग्नल हँडलर (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) बसवलेला आहे. क्रॅश झाला की वेळ, थ्रेडचं नाव आणि स्टॅक ट्रेस लॉगमध्ये लिहून बाहेर पडायचं, एवढंच त्याचं काम. डेव्हलपरने आपल्या मशिनवर मुद्दाम नल पॉइंटर वाचून पाहिला, सगळं नीट छापून आलं, बदल मंजूर झाला. पुढे प्रॉडक्शनमध्ये खरा क्रॅश होतो तेव्हा यातलं काहीच हाती लागत नाही. कधी प्रोसेस मरतच नाही. सीपीयूचा वापर शून्य, रिक्वेस्टला उत्तर नाही, पण सुपरव्हायझरला (सर्व्हिसवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला) ती जिवंत दिसते म्हणून तो तिला पुन्हा सुरूही करत नाही. कधी ती एक अक्षर न लिहिता नाहीशी होते. आणि कधी लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा येत राहते, एक सीपीयू पूर्ण व्यापलेला असतो आणि थोड्या वेळाने डिस्कही भरते.

हे तीन वेगळे बग वाटतात आणि बहुतेक टीम ते तीन वेगवेगळ्या तिकिटांवर सोडवायला घेतात. मूळ मात्र एकच आहे. हँडलर ज्या हीपवर (मागणीनुसार वाटल्या जाणाऱ्या मेमरीवर), ज्या स्टॅकवर (फंक्शन कॉलच्या मेमरीवर), ज्या लॉकवर विसंबून आहे, ते बिघडलेलं असतानाच त्याला बोलावणं येतं. त्याने तीच बिघडलेली वस्तू पुन्हा हातात घेतली की चूक हाताळताना तीच चूक पुन्हा घडते, आणि ती हाताळायला पुन्हा तोच हँडलर हजर होतो.

प्रोसेस अडकली असेल तर

तिला मारू नका, सगळा पुरावा तिच्या आतच आहे. जीडीबी हा डीबगर जोडा आणि सगळ्या थ्रेडचे स्टॅक काढा. अडकलेल्या थ्रेडचा स्टॅक बहुतेक वेळा एकाच घडणीचा निघतो. सगळ्यात वर लॉकची वाट पाहणारं एखादं फंक्शन, त्याखाली मॅलॉक (हीपमधून मेमरी मागणारं फंक्शन; फ्री ती परत करतं), त्याखाली लॉगरने मेसेज बांधायला वापरलेली स्ट्रिंग, त्याखाली तुमचा हँडलर. मग जीडीबी ‘सिग्नल हँडलर कॉल्ड’ अशी खूण दाखवतो आणि तिच्या खाली पुन्हा मॅलॉक किंवा फ्रीचं आतलं फंक्शन दिसतं. त्या खुणेच्या खाली मूळ क्रॅश आहे आणि वर हँडलरने केलेलं काम.

घडलेलं असतं ते असं. कुठल्या तरी कोडने बफरच्या बाहेर लिहून हीप खराब केली. बऱ्याच वेळाने, अगदी वेगळ्या ठिकाणी, फ्रीने हीपच्या अरीनाचं (तिच्या एका विभागाचं) लॉक घेतलं, आतल्या याद्या जुळवताना खराब पॉइंटर वाचला आणि सेगफॉल्ट आला. लॉक अजून याच थ्रेडकडे आहे. हँडलर याच थ्रेडवर सुरू झाला, लॉगरने स्ट्रिंग तयार करायला घेतली, स्ट्रिंगने मॅलॉकला बोलावलं आणि मॅलॉक ते लॉक सुटण्याची वाट पाहत बसलं. लॉक सोडू शकणारा एकमेव थ्रेड हाच, आणि तोच थांबला आहे.

हे दर वेळी का होत नाही, हा प्रश्न हमखास येतो. ग्लिबसीमध्ये (लिनक्सवर सहसा असणाऱ्या सी लायब्ररीमध्ये) २.२६ या आवृत्तीपासून प्रत्येक थ्रेडला लहान ब्लॉक्सचा स्वतःचा कॅश मिळाला. मागितलेला तुकडा त्या कॅशमध्ये असेल तर लॉक लागतच नाही आणि हँडलर सुखरूप पार पडतो. म्हणजे हँडलर यशस्वी होणं हे मेसेजच्या लांबीवर आणि त्या क्षणी कॅशमध्ये काय उरलं आहे त्यावर अवलंबून राहतं. ‘आमच्याकडे तर चालतं’ यावर म्हणूनच विसंबू नये. मॅलॉकच्या जागी लॉगरचं स्वतःचं म्यूटेक्स असेल तरी गोष्ट तीच: लॉगरच्या आत क्रॅश झाला, हँडलरने लॉगरला बोलावलं, दोघंही कायमचे थांबले.

खुद्द ग्लिबसीलाही हा धडा घ्यावा लागला. हीप खराब झाल्याचं तिच्या लक्षात आलं की पूर्वी ती स्वतःच स्टॅक ट्रेस आणि मेमरी मॅप छापायची. ते छापण्यासाठी पुन्हा मॅलॉक लागायचं, आणि मदत म्हणून ठेवलेली सोय प्रोसेस लटकवायची. २०१७ मध्ये ती काढून टाकली. २.२७ पासून ग्लिबसी एक छोटी ओळ लिहून सरळ ॲबॉर्ट करते, म्हणजे प्रोसेस तिथेच संपवते. माझ्या मते या विषयात ग्लिबसीने घेतलेला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय आहे, आणि तुमच्या हँडलरलाही तोच लागू पडतो.

काही न लिहिता मेली असेल तर

दोन शक्यता आहेत.

पहिली, हँडलर चालू असताना दुसरा सेगफॉल्ट आला. हँडलर चालू असेपर्यंत तो सिग्नल ब्लॉक केलेला असतो. ब्लॉक असताना प्रोसेसरनेच फॉल्ट दिला तर कर्नल वाट पाहत नाही. तो हँडलर बाजूला सारून डीफॉल्ट कृती करतो, म्हणजे प्रोसेस मारतो. कोअर डंप (मरणाऱ्या प्रोसेसच्या मेमरीची प्रत) चालू असेल तर तो मिळतो, पण त्यात सर्वात वर तुमचा हँडलर दिसतो आणि वाचणारा चुकीच्या फंक्शनच्या मागे लागतो. डंप उघडल्यावर आधी वर सांगितलेली सीमेची खूण शोधा आणि तिच्या खालून वाचायला लागा.

दुसरी शक्यता स्टॅक संपण्याची. अमर्याद रिकर्जनने थ्रेडचा स्टॅक संपला, त्याच्या टोकाच्या गार्ड पेजला (हात लावू न देणाऱ्या मेमरीच्या तुकड्याला) धक्का लागला, सेगफॉल्ट आला. हँडलर सुरू करायचा तर कर्नलला सिग्नलची फ्रेम कुठेतरी मांडावी लागते, आणि ती मांडायची जागा म्हणजे तोच संपलेला स्टॅक. जागा नाही म्हणून हँडलरची पहिली ओळही चालत नाही. यावर उपाय एकच, सिगऑल्टस्टॅक वापरून हँडलरसाठी वेगळा स्टॅक राखून ठेवायचा आणि सिगॲक्शनमध्ये (हँडलर बसवणाऱ्या कॉलमध्ये) एसए_ऑनस्टॅक हा फ्लॅग द्यायचा.

इथे तीन बारकावे सतत नडतात. हा वेगळा स्टॅक प्रत्येक थ्रेडचा स्वतःचा असतो. मेन थ्रेडमध्ये लावला म्हणून नव्या थ्रेडला तो मिळत नाही, तिथे पुन्हा लावावा लागतो. क्रॅश मात्र बहुधा वर्कर थ्रेडमध्येच होतात. दुसरा बारकावा आकाराचा. जुन्या हेडरमध्ये किमान आकार २०४८ बाइट होता, आणि सिग्नलच्या फ्रेममध्ये साठवावी लागणारी, प्रोसेसरच्या एव्हीएक्स-५१२ या सूचनासंचाची ३२ रजिस्टर, प्रत्येकी ६४ बाइट, एवढ्यानेच ते २०४८ बाइट भरतात. म्हणून ग्लिबसी २.३४ पासून हा आकडा चालू मशिनला विचारून घ्यायची सोय आली. हिशोब नेमका करत बसण्यापेक्षा ६४ किलोबाइट द्या. क्रॅशच्या दिवशी ही उधळपट्टी वाटणार नाही. तिसरा, या स्टॅकच्या खालच्या टोकाला एक न वाचता येणारं पेज ठेवा. नाहीतर हँडलरने तोही ओलांडला तर शेजारचा डेटा खराब होईल आणि कळणारही नाही.

तीच ओळ पुन्हा पुन्हा येत असेल तर

हँडलर लिहून झाल्यावर नुसता परततो आहे. सेगफॉल्टच्या हँडलरमधून परतलं की प्रोसेसर तीच सूचना पुन्हा चालवतो, ती पुन्हा फॉल्ट देते, हँडलर पुन्हा येतो. एसए_रिसेटहँड हा फ्लॅग लावा (हँडलर बोलावताच तो सिग्नल डीफॉल्टवर आणतो) किंवा हँडलरमध्ये आधी सिग्नल डीफॉल्टवर आणा आणि मग परता. दुसऱ्या फॉल्टला कर्नल प्रोसेस मारेल आणि कोअर डंप अगदी मूळ जागेचा मिळेल, वर हँडलरची फ्रेम नसलेला. सिग्नल कुणी बाहेरून किल कमांडने पाठवला असेल तर परतल्यावर फॉल्ट होणार नाही आणि सर्व्हिस अर्धवट अवस्थेत चालू राहील. सिग्नलसोबत आलेल्या माहितीत तो कुठून आला हे कळतं, ते पाहून अशा वेळी सिग्नल स्वतःच पुन्हा स्वतःला पाठवा.

याच जातीचा दुसरा प्रकार लॉगिंगमध्ये होतो. डिस्क भरली, लॉग लिहिता आला नाही, लिहिता न आल्याची नोंद लॉगमध्येच करायला गेलं. किंवा एरर स्ट्रीम ज्या पाइपला जोडली होती त्याचं दुसरं टोक बंद झालं, लिहिल्यावर सिगपाइप आला आणि सिगपाइपचा हँडलर पुन्हा तिथेच लिहितो. लॉगरला आपली स्वतःची चूक लॉग करायची परवानगीच नसावी. एक काउंटर वाढवावा आणि पुढच्या यशस्वी नोंदीसोबत ‘मध्ये इतक्या नोंदी हरवल्या’ असं लिहावं.

हँडलरमध्ये काय चालतं

पॉझिक्स या युनिक्स-सारख्या प्रणालींच्या मानकात सिग्नल हँडलरमधून बिनधोक बोलावता येणाऱ्या फंक्शनची यादी आहे. ती वाचली की लक्षात येतं, आपण सवयीने वापरतो त्यातलं जवळपास काहीच तिच्यात नाही. मॅलॉक, फ्री, प्रिंटफ, एसएनप्रिंटफ, लोकलटाइम, एक्झिट, सगळी बाहेर. राइट, ओपन, रीड, अलार्म, सिगॲक्शन आणि अंडरस्कोअर-एक्झिट आत.

एक्झिटबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ते निरुपद्रवी वाटतं. एक्झिट बोलावलं की ॲटएक्झिटने नोंदवलेली फंक्शन आणि ग्लोबल ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर चालतात. इतर थ्रेड त्या ऑब्जेक्टवर अजून काम करत असतात, हीप खराब आहे, आणि आपण नीटनेटकी आवराआवर सुरू करतो. दुसरा क्रॅश इथेच होतो. अंडरस्कोअर-एक्झिट यातलं काही करत नाही, आणि तेच हवं आहे.

वेळ लिहायची तर १९७० पासूनचे सेकंद लिहा. लोकलटाइम टाइमझोनसाठी लॉक घेतं. तारीख वाचणाऱ्याला नंतर काढता येते. आकडा हेक्समध्ये बदलणारं स्वतःचं छोटं फंक्शन लिहा, ते पंधरावीस ओळींत होतं. लॉगची फाइल आधीच उघडून ठेवा, कारण फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलींचे मर्यादित क्रमांक) संपल्यामुळेच सर्व्हिस कोसळली असेल तर नवी फाइल उघडणार नाही. थ्रेड-लोकल व्हेरिएबलही तपासून वापरा. नंतर लोड केलेल्या शेअर्ड लायब्ररीतलं असेल तर पहिल्यांदा हात लावताच मॅलॉक होऊ शकतं.

स्टॅक ट्रेससाठी ग्लिबसीचं बॅकट्रेस वापरत असाल तर ते प्रोग्रॅम सुरू होताना एकदा उगाच बोलावून ठेवा. पहिल्या वेळी ते जीसीसीची लायब्ररी लोड करतं आणि त्यात मॅलॉक येतं. ते क्रॅशच्या आधी उरकलेलं बरं. नावं छापण्याच्या फंदात पडू नका. नुसते पत्ते लिहा आणि प्रॉक फाइलसिस्टिममधली आपल्याच प्रोसेसची मॅप्स फाइल रीड-राइटने जशीच्या तशी लॉगमध्ये ओता. पत्ते दर वेळी बदलत असले तरी त्या नकाशावरून घरी बसून प्रत्येक पत्त्याची ओळ काढता येते.

आणि क्रम. आधी सिग्नलचा क्रमांक, फॉल्टचा पत्ता आणि प्रोग्रॅम काउंटर ही एक ओळ, लगेच राइट. मग बाकीचं. सगळा अहवाल एका बफरमध्ये जमवून शेवटी एकदम लिहिणारे हँडलर मी फार पाहिले आहेत. मधे काही मोडलं की त्यातली एक ओळही उरत नाही.

पायरी आधी मोजा, मग काम करा

हँडलर कितीही जपून लिहिला तरी तो मोडू शकतो हे धरूनच चाललं पाहिजे. म्हणून त्याला पायऱ्या हव्यात, आणि प्रत्येक पायरीला मागच्या पायरीपेक्षा कमी गोष्टी लागल्या पाहिजेत. गो या भाषेचा रनटाइम हे फार स्वच्छ करतो. पॅनिक (प्रोग्रॅम पाडणारी चूक) हाताळताना तो ‘मरतो आहे’ हा आकडा १ करतो आणि पूर्ण माहिती छापायला घेतो. छापताना पुन्हा पॅनिक झालं तर आकडा २ करून ‘पॅनिकमध्ये पॅनिक’ अशा अर्थाची ओळ लिहितो आणि फक्त स्टॅक दाखवायचा प्रयत्न करतो. तेही मोडलं तर आकडा ३, स्टॅक मिळत नाही अशी ओळ, आणि बाहेर. त्यानंतर पुन्हा आलाच तर काहीही न छापता नुसता बाहेर. इथली खरी कळ अशी की आकडा काम सुरू करण्याआधी वाढतो. काम झाल्यावर वाढवला तर मोडलेली पायरीच पुन्हा पुन्हा चालत राहील.

ग्लिबसीच्या ॲबॉर्टमध्येही वर्षानुवर्षं अशाच पायऱ्या होत्या: सिग्नल पाठव, नाही मेलं तर हँडलर काढून पुन्हा पाठव, तरी नाही तर प्रोसेसरची बेकायदा सूचना चालव, तरी नाही तर अंडरस्कोअर-एक्झिट. तिथे एक अपवाद होता. तुमचा हँडलर चालतो त्या पायरीला मोजणी पुन्हा शून्यावर आणली जायची. त्यामुळे सिगॲबॉर्टच्या हँडलरच्या शेवटी कुणी पुन्हा ॲबॉर्टच बोलावलं, तर हँडलर आणि ॲबॉर्ट एकमेकांना बोलावत स्टॅक संपवायचे. जुन्या वितरणांवर हे अजून भेटतं. ॲबॉर्ट बोलावण्याआधी सिगॲबॉर्ट डीफॉल्टवर आणा, म्हणजे प्रश्न मिटला.

पायरी बदलली पण आतलं काम तेच राहिलं, तर उपयोग नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ चं पहिलं उड्डाण याच कारणाने गेलं. दिशा मोजणाऱ्या मुख्य यंत्रणेसोबत राखीव यंत्रणाही होती, पण दोन्हींत सॉफ्टवेअर तेच. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत बसवताना राखीव यंत्रणा आधी बंद पडली आणि सुमारे ५० मिलिसेकंदांच्या अंतराने मुख्यही. त्याहून वाईट म्हणजे बंद पडताना तिने पाठवलेली निदानाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची खरी माहिती म्हणून वाचली आणि नोझल वळवले. चुकीचा अहवाल कधीही कामाच्या डेटाच्या वाटेने पाठवू नये, हे त्या अपघाताने दाखवून दिलं.

आपल्या सर्व्हिसकडे येऊ. सिगॲक्शनमध्ये एसए_नोडिफर हा फ्लॅग दिला तर हँडलर चालू असतानाही तोच सिग्नल पुन्हा घेता येतो, आणि गोसारख्या पायऱ्या करता येतात. मोजणी नसताना तो फ्लॅग दिला तर अमर्याद रिकर्जन नक्की. बहुतेक सर्व्हिससाठी माझं मत असं आहे की तो देऊच नका. सेगफॉल्ट, सिगबस, सिगॲबॉर्ट, सिगएफपीई आणि सिगइल हे क्रॅशचे सगळे सिग्नल एकमेकांच्या मास्कमध्ये (हँडलर चालू असताना ब्लॉक राहणाऱ्या सिग्नलच्या यादीत) घाला, म्हणजे हँडलरमध्ये दुसरा फॉल्ट झाला की कर्नलच शेवट करेल. पहिली ओळ तोवर लिहून झालेली असते.

दोन थ्रेड एकाच वेळी कोसळले तर? एका ॲटॉमिक व्हेरिएबलमध्ये पहिल्या थ्रेडने आपला आयडी तुलना-करून-बदल या पद्धतीने टाकावा. दुसऱ्याला तिथे वेगळा आयडी दिसला तर त्याने काहीही न लिहिता झोपून राहावं. लिनक्स कर्नलचं पॅनिकही असंच करतं, एकच सीपीयू पुढे जातो आणि बाकीचे थांबतात. झोपलेल्यांच्या भरवशावर प्रोसेस लटकू नये म्हणून पहिल्या थ्रेडने हँडलरमध्ये शिरताच सिगअलार्म डीफॉल्टवर आणावा, तो अनब्लॉक करावा आणि पाच सेकंदांचा अलार्म लावावा. पाच सेकंदांत काम झालं नाही तर कर्नल प्रोसेस मारतो. अडकण्याचा सगळा पहिला प्रकार या तीन कॉलनी संपतो, म्हणून वेळ कमी असेल तर आज एवढंच करा.

खाली हार्डवेअरमध्येही हीच रचना आहे. एक्स८६ वर फॉल्ट हाताळताना फॉल्ट झाला तर डबल फॉल्ट, तो हाताळतानाही झाला तर ट्रिपल फॉल्ट आणि मशिन रीसेट. लहान उपकरणांतल्या कॉर्टेक्स-एम प्रोसेसरवर हार्डफॉल्टच्या हँडलरमध्ये फॉल्ट झाला की प्रोसेसर लॉकअपमध्ये जातो. तिथे वॉचडॉग (अडकल्यावर रीसेट करणारा टायमर) नसेल तर तो तसाच राहतो.

अहवाल बाहेरच्या प्रोसेसने लिहिला तर

जमत असेल तर हेच सर्वात चांगलं. कर्नलच्या कोअर_पॅटर्न या सेटिंगमध्ये सुरुवातीला उभी रेघ देऊन एखाद्या प्रोग्रॅमचा पत्ता दिला, की कोअर डंप त्या प्रोग्रॅमला पाइपने मिळतो. सिस्टिमडी-कोअरडंप असंच चालतं. तो प्रोग्रॅम वेगळ्या प्रोसेसमध्ये असल्याने त्याची हीप शाबूत असते आणि तो हवं ते करू शकतो. पण तोच कोसळला तर? त्याचाही डंप घ्यायला पुन्हा तोच प्रोग्रॅम सुरू होईल, तोही कोसळेल. कर्नलमध्ये यासाठी खास बंदोबस्त आहे: या मदतनीस प्रोसेसची कोअर डंपची मर्यादा १ ठेवली जाते, आणि मर्यादा १ असलेली प्रोसेस कोसळली की कर्नल पाइपने डंप देणं नाकारतो. तुम्ही स्वतःचा मदतनीस लिहीत असाल तर त्याने पुढे सुरू केलेल्या प्रोसेसचाही असाच विचार करा.

तपासणी

नल पॉइंटरची एक चाचणी पुरत नाही, कारण तेव्हा हीप, स्टॅक आणि लॉक सगळं धडधाकट असतं. अमर्याद रिकर्जनने स्टॅक संपवा, तोही वर्कर थ्रेडमध्ये. एकाच पॉइंटरवर दोनदा फ्री करा. दोन थ्रेड एकत्र पाडा. लॉगची फाइल म्हणून डेव्ह-फुल हे डिव्हाइस द्या. त्यावर लिहिलं की दर वेळी डिस्क भरल्याची चूक येते, खरी डिस्क भरायची गरज नाही. एरर स्ट्रीमचा पाइप बंद करून पाहा.

लपलेलं मॅलॉक पकडायला एक हुकमी उपाय आहे. स्वतःचं मॅलॉक असलेली छोटी लायब्ररी एलडी_प्रीलोडने आधी लोड करा. हँडलर सुरू होताच एक फ्लॅग उभा करा, आणि फ्लॅग उभा असताना मॅलॉक बोलावलं गेलं तर त्या लायब्ररीने एक ठरलेली ओळ लिहून लगेच प्रोसेस मारावी. कोडमध्ये नजरेला न दिसणारी स्ट्रिंग, लोकेल, लोडर, सगळी एकेक करून बाहेर येतात. ही चाचणी रोजच्या बिल्डमध्येच ठेवा. हँडलर एकदा स्वच्छ केला तरी पुढच्या महिन्यात कुणीतरी त्यात ‘फक्त एक लॉग’ घालतोच.

प्रत्येक चाचणीनंतर शेलमधला एक्झिट स्टेटस पाहा. सेगफॉल्टने मेली तर १३९, ॲबॉर्टने मेली तर १३४. १४२ आला तर अलार्मने मारलेलं आहे, म्हणजे हँडलर अजून कुठेतरी थांबतो आहे. आणि ० किंवा १ आला तर वाटेत कुणीतरी एक्झिट बोलावलं आहे. सुपरव्हायझर अशा शेवटाला साधं बंद होणं समजू शकतो, म्हणून ते शोधल्याशिवाय तिकीट बंद करू नका.